सहाशेतली एक

मुर्रीच्या अल्काताईंची रानभाज्यांची वेबसाइट शोधणाऱ्यांना सापडेनाशी झाली होती. इतर कोणकोणत्या साइटवरून तिच्याकडे लिंक येतात, ती यादी गोंदियाहून आलेला हिमांशू तपासत होता.

“काकू, सहाशे लिंक आहेत, पण साऱ्या फालतू. त्यांच्यापायीच तुमची साइट शोधात मागं पडली. चांगली एकच असती तरी पुरली असती.” तो भराभर एकेक नाकारत गेला आणि एका जुन्या ब्लॉगवर थांबला. “हे तं पहा! चार वर्षांपासून कोणी लिहूनच नाही राहिलं. खाली आकडा आहे पहा, वाचक काल एक, महिनाभरात तीस. काढतो हे बी.”

“राहू दे. आमच्या ह्यांचा ब्लॉग होता तो.”

हिमांशू ओशाळला. “मंग काकू, रोज कोण येते इथं?”

“मीच. दुपारी, जेवण झाल्यावर.”