प्रवेशाआधीची तपासणी

काचेच्या बंद खोलीत आई कानांवर हेडफोन लावून बसली होती. आवाज आला की बटण दाबायचं, असं कान तपासणाऱ्या बाईंनी तिला कागदावर लिहून दाखवलं होतं. बराच वेळ झाला तरी आईचा अंगठा हलला नाही.

बाहेर बाकावर मुलगा आणि सून वाट बघत होते. वृद्धाश्रमात दाखल करून घेण्याआधी ही तपासणी लागते, म्हणून ते तिला घेऊन आले होते. आईचं डोकं ठिकाणावर राहिलेलं नाही, हे घरात केव्हाच ठरून गेलं होतं. विचारावं एक तर ती सांगायची भलतंच. दारावरची बेल वाजून वाजून थकायची आणि ही आपली ढिम्म. हळूहळू नातवंडांनीही तिच्याशी बोलणं सोडलं.

बाईंनी मुलाला आत बोलावलं. दोन्ही कान बरेच गेलेत, म्हणाल्या; पुष्कळ वर्षं झाली असणार, आधी कुणी दाखवलं कसं नाही? डोक्याला मात्र काही झालेलं नाही. लिहून विचारलं त्याची उत्तरं आईंनी नीट दिली, वर माझं शुद्धलेखनही सुधारलं.

मग बाईंनी आईला बाहेर आणून टेबलाशी बसवलं आणि दाखवण्यापुरतं ठेवलेलं श्रवणयंत्र तिच्या कानात घातलं. आई दचकली. वर पंख्याकडे बघत राहिली. टेबलावर नखाने टकटक करून पाहिलं आणि स्वतःशीच हसली.

सून दारात येऊन उभी राहिली. मुलाने तिला सगळं सांगितलं. नेहमीच्या सवयीने दोघं आईसमोरच बोलू लागली.

"मग आता?" सुनेने विचारलं.

"आता काय? तिची खोली पोरांना देऊन झाली. आणि तिकडची जागा सोडली तर पुन्हा मिळायची नाही. कान गेले काय नि डोकं गेलं काय, तिला कुठे काय कळतंय."

आईचं बोट टेबलावर थांबलं. बाईंनी मान खाली घातली.

एरवी आई ओरडूनच बोलायची. आता ती अगदी सावकाश म्हणाली, "खाट भिंतीलगतची माग. उठताना आधार लागतो मला."

सुनेने पर्सचा बंद उगीच सारखा केला.

थोड्या वेळाने मुलगा बाईंच्या जवळ सरकला आणि आवाज अगदी खाली आणून विचारू लागला, "हे यंत्र लावायलाच हवं का?"