पहिला कागद

पडद्यावर पुन्हा तेच उमटलं: प्रिंटर सापडला नाही. ब्रिस्बेनच्या चर्चवाल्यांनी मोठ्या मनाने पाठवलेला तो ठोकळा पेनायाच्या शेजारी ढिम्म बसून होता. कंपनीने लिनक्स प्रणालीसाठी त्याचा ड्रायव्हर प्रोग्रामच काढला नव्हता. आणि शाळेच्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरला लिनक्सशिवाय दुसरं काही झेपत नव्हतं.

खाली धक्क्यावर बोटीत तारोच्या कंदांची पोती चढत होती. तिकडे राजधानीत, सुव्हाला, पेनायाची बायको सेरेआना दिवस भरून बसली होती. ही बोट चुकली, तर बाळ बापाच्या गैरहजेरीतच जन्मणार होतं.

"सरळ नाही म्हणून सांग की त्यांना," सेरेआना फोनवर म्हणाली होती. शहरात वाढलेली ती, तिला बोलायला काय जातंय? कोलिनियो काका गावाचे प्रमुख. त्यांनी यांगोनाची, म्हणजे मानाचं पेय करतात त्या झाडाची, मुळी पुढे धरून मागणं घातलं होतं: प्रिंटर चालू कर आणि मगच जा. मुळी पुढे आली की कांदावू बेटावर नाही म्हणता येत नाही. पेनायाने ती दोन्ही हातांनी घेतली आणि बसला अडकून.

"तुझ्याआधी शाळेत होत्या त्या उनाइसी मॅडमना नाही जमलं रे," काका खिडकीतून म्हणाले. "बोटीत बसेपर्यंत रडत होत्या बिचाऱ्या."

"तुम्ही असे डोक्यावर बसलात तर मीही रडेन, काका."

"बोटीत चढल्यावर रड. आत्ता हात चालव."

काका गेले. आपलीच मघाची आज्ञा पुन्हा टाइप करायचा पेनायाला कंटाळा आला, म्हणून त्याने मागच्या ओळी परत आणणारा वरचा बाण दाबला. बाणावर बोट जरा जास्तच वेळ राहिलं आणि त्याने कधी न लिहिलेल्या ओळी येऊ लागल्या. त्या मॅडमच्या होत्या. त्यांची शेवटची ओळ आधी दिसली: प्रिंटर काढून टाक. तिच्याआधीची: कागद छाप. त्याच्याही आधी, याच कंपनीच्या एका जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर त्यांनी याला जोडला होता. म्हणजे बाईंना जमलं होतं, आणि जमल्यावर त्यांनी स्वतःच ते मोडलं होतं.

"डोकं फिरलं असेल बाईचं," पेनाया पुटपुटला. शेवटची सोडून बाकी ओळी त्याने तशाच चालवल्या. ठोकळा कण्हला, खरखरला आणि त्याने छापलेला स्वच्छ कागद बाहेर टाकला. पेनायाला इतका आनंद झाला की त्याने तो खिडकीतून फडकवला.

काका धापा टाकत आले. कागद उन्हात धरताना त्यांचे डोळे भरून आले. "शाबास, पोरा."

"निघतो मग मी," म्हणत पेनायाने पिशवी उचलली आणि दार उघडलं.

पायऱ्यांवर चर्चच्या बायका उभ्या होत्या. त्यांच्यामागे दवाखान्याची नर्स, रग्बीची पोरं, जवळजवळ सगळं गाव. जवळपास प्रत्येकाच्या हातात यांगोनाची मुळी होती.

"आमची तेवढी प्रार्थनेची पुस्तकं छापून दे बाळा, मग खुशाल जा," म्हणत पहिल्या म्हातारीने मुळी पुढे केली.

मॅडमनी ती शेवटची ओळ का लिहिली हे पेनायाला कळलं, तोवर त्याचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले होते.