पाचव्या मजल्याची खिडकी

लुपे ब्रशनं कर्टच्या दंडावर तपकिरी रंग चढवत होती, तेवढ्यात ओडेसा प्रेविट मेकअपच्या तंबूत शिरली. कर्टनं तिला आरशात पाहिलं आणि नजर खाली वळवली. त्याच्या डोक्यावर दाट कुरळ्या केसांचा टोप होता.

हे केस मालिकेच्या नायिकेचे. अग्निशमन दलातली काळी बाई. अख्खं अटलांटा शहर तिच्यावर फिदा. तिची डुप्लिकेट म्हणून जिन्यावरून गडगडायचं, काचेतून घुसायचं, ते सगळं तिच्यासारख्याच काळ्या ओडेसानं करायचं. पण आज जळत्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावरून पाठमोरी उडी होती, आणि ती मारणार होता कर्ट. गोरा, पन्नाशीला टेकलेला.

स्टंटप्रमुख डेल कोपऱ्यात कागद चाळत बसला होता. ओडेसा सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"डेल, ही उडी मी मारणार."

"पोरी, पाच मजले म्हणजे खेळ नाही," डेल मान वर न करता म्हणाला. "कर्ट वीस वर्षं माझ्याबरोबर आहे."

"गेल्या वर्षभरात एवढ्याच उंचीवरून एक्केचाळीस वेळा पडलेय मी. पाठमोरी."

"सरावात. मागं आग नसताना."

"हो, आग नसताना." तिची बोटं कमरेच्या पट्ट्याशी चाळा करत होती. "आणि कर्ट?"

डेलनं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्याच्या आधी कर्टच बोलला. "शेवटची उडी मारून तीन वर्षं झाली, डेल. तेव्हाच गुडघा गेला. अजून रात्री ठणकतो."

"मला बोलला नाहीस कधी."

"बोललो असतो तर आज या खुर्चीत असतो का?"

कर्टनं दोन्ही हातांनी टोप उचलला आणि मांडीवर ठेवला. खालचे पांढरे, विरळ केस घामानं चिकटले होते.

लुपेचा ब्रश हवेतच थांबला होता. "डेल, एक हात झालाय," ती म्हणाली. "दुसरा रंगवू की हा पुसू?"

डेलनं मान वर करून ओडेसाकडे पाहिलं. मग त्यानं कागदावरचं एक नाव खोडलं.

"पूस."

अर्ध्या तासानं ओडेसा पाचव्या मजल्याच्या चौकटीत उभी होती. पाठीमागे मोकळी हवा, समोर खोली. खाली हवेची गादी होती. वरून पाहिली तर टपालाच्या पाकिटाएवढी. कर्ट लंगडत गादीभोवती फिरला, प्रत्येक झडप त्यानं स्वतः चाचपून बघितली, मग तोंडाशी हात धरून ओरडला, "वारा डावीकडून येतोय. दोन फूट डावीकडे धर. आणि हनुवटी छातीला!"

"माहितीये!"

"माहितीये, माहितीये. तरी सांगणार!"

ती हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण चौकट घट्ट धरून ठेवलीय. एक्केचाळीस वेळा तशी धरली नव्हती. समोरच्या नळ्यांतून वायू सुटला. भपकन ज्वाळा उठल्या, भुवयांना चटका बसला.

खालून इशारा आला.

ओडेसानं चौकट सोडली.

पहिला क्षण काहीच नव्हतं, नुसतं निळं आभाळ. मग खिडक्या वर पळायला लागल्या, चौथी, तिसरी. कानात वारा घोंगावला. आणि त्या सगळ्यात तिला एवढा आनंद झाला, की हात पसरायचे असतात ते ती विसरते की काय असं तिचं तिलाच वाटलं. विसरली नाही. हात पसरले, हनुवटी छातीला टेकली, आणि धप्प करून गादीनं तिला पोटात घेतलं.

खाली जमलेली साठेक माणसं श्वास रोखून उभी होती. गादीच्या खळग्यातून आधी एक अंगठा वर आला. मग जो गलका झाला, त्यात दिग्दर्शकाचं "झकास" कुणाला ऐकूच गेलं नाही. लुपे रडत होती आणि रडताना ब्रशनंच डोळे पुसत होती. कर्टनं ओडेसाला ओढून बाहेर काढलं आणि तिच्या पाठीत एक गुद्दा घातला.

"दोन फूट म्हणालो होतो. तीन गेलीस."

"वारा वाढला होता, आजोबा."

डेल सगळ्यांच्या मागून सावकाश आला. कागद अडकवलेली फळी त्यानं काखेत धरली होती. घसा खाकरून तो म्हणाला, "पुढच्या आठवड्यात गाडी पुलावरून नदीत जातेय. पोहता येतं तुला?"

ओडेसा अजून धापा टाकत होती. तिनं भुवईवरची राख पुसली.

"पाच वर्षं तुमच्याकडे काम करतेय, डेल," ती म्हणाली. "आज पहिल्यांदा काहीतरी विचारलंत."