सतरा ठिपके

तपासणीच्या टेबलावर पडलेल्या यशोदाबाई मडावींना स्वतःचं यकृत समोर हवेत दिसत होतं. त्यांच्या श्वासाबरोबर ते हळूच वरखाली होत होतं. सकाळी काढलेल्या रक्तातल्या खुणा स्कॅनशी जुळवून यंत्राने त्यातली कॅन्सरची एकेक पेशी ठिपक्यासारखी पेटवून दाखवली होती. असे सतरा ठिपके होते.

"माझा भाऊ यातच गेला," यशोदाबाई म्हणाल्या. "गाठ लिंबाएवढी झाली, तेव्हा कळलं."

"जरा बघत राहा," डॉक्टर रामटेके म्हणाल्या.

एका ठिपक्याभोवती निळसर कण गोळा झाले, त्याला बिलगले आणि ठिपका विझला. मग दुसराही विझला.

"औषध दिलंत, मॅडम?"

"काहीच नाही. या तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. हे काम त्या रोज करतात, तुम्ही झोपलेल्या असतानासुद्धा."

यशोदाबाई भान हरपून बघत राहिल्या. तासाभरात सोळा ठिपके विझले. एक मात्र हटेना, तेव्हा डॉक्टरांनी त्याच्यावर बारीक किरण रोखून तो विझवला.

बाहेर बाकावर त्यांची मुलगी रजनी बसली होती. आईकडून आलेला, पुढे यकृताचा कॅन्सर करू शकणारा काविळीचा विषाणू तिच्याही रक्तात होता आणि भीतीपोटी ती चार वर्षं तपासणी टाळत होती. यशोदाबाईंनी पडल्यापडल्याच तिला हाक मारली.

"रजने, आत ये. आपल्यासाठी अंगात किती जण राबतात, ते तरी बघ."

रजनी आत आली. बराच वेळ ती त्या तरंगत्या यकृताकडे पाहत उभी राहिली. मग रक्त द्यायला तिने डॉक्टरांसमोर बाही वर सारली.