लेकीसाठी नवी चाल

मानवतच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड आला, तसा पेटीवर चाली बांधणारा भुजंग तोच वाजवू लागला. बटण दाबलं की ठेका तयार, सूर तयार. घरची पेटी उघडायची वेळच येईना.

आता लेकीचं लग्न उद्यावर आलं होतं. तुझ्या मंगलाष्टकांना नवी चाल बांधीन, असं त्यानं तिला कबूल केलं होतं. सकाळपासून तो पेटी पुढ्यात घेऊन बसला, पण बोटांतून त्या मशीनचेच तुकडे निघत होते. दुपारी त्यानं पेटी ढकलून दिली आणि डोकं धरलं. "संपलं सगळं. एकबी सूर माजा न्हाई ऱ्हायला."

स्वयंपाकघरात त्याची बायको कडूबाई करंज्या लाटता लाटता गुणगुणत होती. भुजंगनं कान दिला आणि धडपडत आत गेला.

"अगं, लय न्यारी चाल हाय ही! हीच लावतो उद्या. कुणाची हाय सांग, त्याचे पाय धरतो."

कडूबाईचं लाटणं थांबलं.



"आवं, असं काय करायलाव? पोरगी पाळण्यात होती तवा तुमीच बांधलेली हाय ही."