सुटे भाग

जव्हारच्या श्रीकृष्णशेठना जुन्या गाडीची भारी हौस. महायुद्धाच्या काळातली जीप त्यांनी मोठ्या मिनतवारीने मिळवली; पण सत्त्याण्णव साली मुंबईचे दुकानदार तिच्या सुट्या भागांच्या किमती सांगू लागले, तेव्हा शेठचे डोळे पांढरे झाले. त्यापेक्षा अख्खी जीप घेऊन सुटी करणं स्वस्त पडेल, असा त्यांनी हिशेब मांडला. दाभोशाहून जव्हारला माणसं आणणाऱ्या नवसूची जीप त्यांनी रोख पैसे देऊन उचलली. तिचं इंजिन, गिअरबॉक्स, चाकं आपल्या गाडीला चढवली आणि उरलेला सांगाडा भंगारात दिला.

"माणसं कोंबून फिरायचं डबडं ते! माझ्या गाडीत त्याचं सोनं झालं," ते जो भेटेल त्याला सांगत.

पॉलिश केलेली गाडी मिरवायला शेठ थेट दाभोशाकडे निघाले, आणि गाव जवळ येताच गाडी बंद पडली ती पडलीच. रंगाला ओरखडा नको म्हणून बॉनेटवर रुमाल अंथरून ते बसले. डोक्यावर बोजे घेतलेली माणसं रांगेने जव्हारच्या बाजाराला पायी चालली होती. या लोकांना चालायचीच खोड, शेठच्या मनात आलं.

त्यांनी रांगेतल्या धोंडीबाईला हटकलं. "ए म्हातारे, जव्हारची जीप कधी येते गं?"

धोंडीबाईने डोक्यावरचा नागलीचा बोजा सावरला.



"ती त तुझ्याच बुडाखाली हाय, शेठ."