गोंदणारीची साक्ष

"बाहेर या. आत धूर आहे, तोंड नीट दिसत नाही," ओम लिंग पाहुणीला म्हणाली.

पाहुणी शिडीवरून अंगणात उतरली. तिचा हात आंधळ्या म्हातारीच्या मुठीत होता, त्यामुळे म्हातारीही चाचपडत मागोमाग उतरली.

पाच दिवसांपूर्वी ही बाई मैदानातून डोंगर चढून आली होती. म्हणाली, मी मना शेन, तुझी मुलगी. बारा वर्षांची मना शेन गोंदणाच्या झोपडीतून पळाली, त्याला चाळीस वर्षं झाली होती. म्हातारीने तिला पोटाशी धरलं. सुनेला, ओम लिंगला, मात्र पटेना.

"वन्सं, या शिडीला तेव्हा पायऱ्या किती होत्या?"

"विसरले गं."

"जेवायची वेळ तेवढी बरी लक्षात राहते."

"शेजारणी सांगतात, गालावरच्या गोंदणाची वळणं आपलीच आहेत," म्हातारी म्हणाली.

"तशी वळणं चार गावांत काढतात, आत्याबाई. आणि नाव काय, बाजारातही ऐकू येतं."

म्हणून ओम लिंगने 'या हुंग' नावाच्या म्हाताऱ्या गोंदणारीला बोलावलं होतं. गावातल्या सगळ्या जुन्या बायकांचे चेहरे या हुंगच्या काट्यांनी गोंदले होते. सूज उतरेपर्यंत पोरी तिच्याच झोपडीत राहत. तिथे आईलासुद्धा जाता येत नसे.

या हुंगने पाहुणीची हनुवटी धरली. अंगठा ओला करून एकेका रेघेवरून फिरवला.

"दुसऱ्या कुणाचा हात असेल तर सांगा, मावशी. आत्ताच डोंगर उतरवते हिला," ओम लिंग म्हणाली.

"लवकर बोल गं, बाई," म्हातारी म्हणाली. "हिच्यासाठीच मरायची थांबलेय मी."

या हुंग बराच वेळ म्हातारीकडे बघत राहिली.

"कपाळावरची फांदी डावीकडे झुकलीय," ती म्हणाली. "माझा हात तसाच जायचा. काटे माझे. पोर तुझीच."

म्हातारी रडायला लागली. ओम लिंगने मान खाली घातली. "चला वन्सं, मका शिजलाय."

"मावशींना पोचवून येते," पाहुणी म्हणाली.

कुंपणाबाहेर आल्यावर तिने हळूच विचारलं, "मावशी, माझा चेहरा खरंच आठवतो तुम्हाला?"

या हुंगने मागे वळून पाहिलं. घर लांब राहिलं होतं.

"मना शेन पळाली, असं गावाला मीच सांगितलं," ती म्हणाली. "एकच गाल गोंदून झाला होता. तापात गेली पोर. माझ्या हातांनी पुरलंय मी तिला."